बाथरूमचा उंबरा केवढा?

(बोटीच्या प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. उत्तरं देणारे आमचे विजयदुर्गकडचे स्नेही २२ वर्षं प्रवासी बोटींवर हाउसकीपिंगमध्ये होते.)

प्रश्न : भाऊ, नमस्कार. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. लेक-जावई म्हणतात, हॉल-बिल नको, बोटीवर जाऊ. आम्ही दोघं, ते दोघं आणि अकरा नि पाच वर्षांचे दोन नातू असे सहा जण. एजंटानं दोन बोटींची कोटेशनं दिलीत. पहिली मुंबईहून सुटणारी ‘एम्प्रेस’, लक्षद्वीपची फेरी. दुसरी सिंगापूरहून सुटणारी ‘जेन्टिंग ड्रीम’, तीन रात्री. एका तारखेला मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत, दुसऱ्या तारखेला मलेशियातलीच पोर्ट क्लांग-पेनांग. विमान धरून दुसरी जवळजवळ दुप्पट पडते. नातवांना घसरगुंड्यांची बोट हवी. ह्यांनी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर प्रवाळबेटं काढली, पण एकही डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यामुळे ह्यांचं मन लक्षद्वीपवर. ह्यांचा एक गुडघा बदललाय, दुसरा बदलायचाय. काठी घेऊन चालतात. जावई म्हणतात, मोठी नि नवी ती चांगली. दोन्हींची माहितीपत्रकं आणि डेक प्लॅन (मजल्यांचे नकाशे) सोबत पाठवतेय. कोणती घ्यावी?
— सौ. शैलजा, इस्लामपूर

उत्तर : वहिनी, आधी पन्नाशीबद्दल दोघांना नमस्कार.

पत्रकं पाहिली. दोन्हींवर पांढऱ्या कपड्यांतली बाई कठड्याला टेकून हसतेय. बोटीवरच्या आयुष्यात कठड्याला टेकून अशी हसणारी बाई मी पाहिली नाही. वाऱ्यानं ती आधी केस धरते, मग ओढणी, मग टोपी. पत्रकं ठेवून द्या, डेक प्लॅन मात्र हाताशी असू द्या.

जावईबापूंचं ‘मोठी नि नवी’ आधी बघू, कारण त्यात अर्धं खरं आहे. ‘एम्प्रेस’ १९९० साली फ्रान्समध्ये सेंट नाझेरच्या गोदीत बांधली गेली. तेव्हा ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होती, पुढं तीन-चारदा नाव बदललं, २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या मारतेय. लांबी २११ मीटर. ‘जेन्टिंग ड्रीम’ २०१६ ची, जर्मनीत पापेनबुर्गला बांधलेली, ३३५ मीटर लांब, अंगावर जलपरी आणि अंतराळवीर रंगवलेले. तिच्या आधीच्या कंपनीचा गाशा २०२२ मध्ये गुंडाळला गेला, बोट काही महिने उभी राहिली आणि त्याच वर्षी नव्या नावाच्या कंपनीकडून सिंगापूरहून पुन्हा सुरू झाली. म्हणजे वयात २६ वर्षांचा फरक. पण बोटीचं वय माणसासारखं मोजत नाहीत. प्रवासी बोटीचं सुरक्षेचं प्रमाणपत्र बारा महिन्यांचंच असतं, दर वर्षी तपासणी होऊन नवं घ्यावं लागतं. पाच वर्षांत दोनदा बूड तपासलं जातं. तेव्हा जुनी म्हणजे धोक्याची, हे मनातून काढा. जुनेपणाचा त्रास दुसरीकडे असतो, त्यावर येतोच.

एजंटानं कोटेशनवर लिहिलंय, ‘दीड लाख टनी बोट’. हे टन वजनाचे नव्हेत बरं का. बोटीच्या आत बंदिस्त जागा किती, त्याचं ते माप. ‘ड्रीम’ १,५०,६९५ आणि ‘एम्प्रेस’ ४८,५६३. (‘टायटॅनिक’ जुन्या मापानं ४६,३२८ होती, म्हणजे ज्या बोटीला आज आपण ‘लहान’ म्हणतोय ती आतून साधारण तेवढीच. नातवांना सांगू नका, रात्री झोपायचे नाहीत.) आता या आकड्याला माणसांनी भागा. ‘एम्प्रेस’वर आठशेच्या आसपास केबिन, एका केबिनला दोन माणसं धरली तर माणशी तीस. ‘ड्रीम’वर दोन-दोनच्या हिशेबानं ३,३५२ माणसं, माणशी पंचेचाळीस. म्हणजे मोठ्या बोटीवर माणसं दुप्पट असूनही माणशी जागा दीडपट. जेवणाच्या रांगेत, लिफ्टपाशी, पोहण्याच्या टाकीभोवती हा फरक जाणवतो.

पण थांबा. हा हिशेब दोन-दोनचा. आपल्याकडची कुटुंबं एका केबिनमध्ये चौघं राहतात, दोघं खाली, दोघं वरून उघडणाऱ्या फळीवर. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मी स्वतः एका केबिनमध्ये पाच जणांची अंथरुणं घातलीत. पाचवं तान्हं होतं, त्याचा पाळणा ठेवल्यावर कपाटाचं दार उघडेना. तेव्हा २४ डिसेंबर नंतरची तारीख असेल तर तीस आणि पंचेचाळीस हे दोन्ही आकडे खाली आणून वाचा. पहिल्या पंधरवड्यातली तारीख मिळाली तर घ्या. नातवांची शाळा चार दिवस बुडली तर बुडू दे, आजोबा शिक्षक आहेत.

आता मुद्द्याचं. तुम्ही मला घसरगुंड्या, थिएटर, जेवणाचे हॉल सगळं लिहिलंत, गुरुजींचा गुडघा शेवटी एका ओळीत. मी उलटं वाचतो. सहा जणांत ज्याला सगळ्यांत जड जाणार त्याच्या पायानं बोट चालून बघायची.

बोटीवर दिवसातून चार-पाच वेळा ओलांडायची जागा म्हणजे बाथरूमचं दार. पाणी बाहेर केबिनमध्ये येऊ नये म्हणून तिथं उंबरा असतो. जुन्या बांधणीच्या बोटींत तो चांगला वीतभर मिळतो, नव्यांत कमी असतो, पण सरसकट नसतोच असं नाही. घरच्या उंबऱ्याला पाय सरावलेला असतो. इथं मध्यरात्री, दिवा न लावता, जमीन हलकीशी कलत असताना तो ओलांडायचा. मी भूमध्य समुद्रातल्या एका बोटीवर होतो तेव्हा रात्री दोनला फोन आला. सोलापूरकडच्या एक आजी पडल्या होत्या. मनगट सुजलेलं, आणि त्या मलाच समजावत होत्या, “पोरा, तुझी काही चूक नाही रे, मीच वेंधळी.” डॉक्टरकडे पोचवून परत आलो आणि उंबऱ्याच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली, आरशावरचा बारीक दिवा चालू ठेवला. सकाळी साहेबानं पट्टी बघितली, म्हणाला, केबिन विद्रूप करतोस. मी पट्टी काढली. रात्री पुन्हा लावली. आजी उतरेपर्यंत आमचा हा खेळ चालला.

म्हणून एजंटाला हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या: आम्हाला देणार त्या केबिनच्या बाथरूमचा उंबरा किती इंच? आंघोळीच्या जागी धरायला दांडी आहे का? व्हीलचेअरवाली केबिन शिल्लक आहे का? अशा केबिनमध्ये दार रुंद, उंबरा नाही, आंघोळीला बसायला पाट, भिंतीला दांड्या. बोटीवर त्या मोजक्याच असतात आणि पुष्कळदा वेबसाइटवर दिसत नाहीत, एजंटानं कंपनीला लिहून मागाव्या लागतात. एजंट म्हणेल, “काका चालतात ना, मग कशाला?” त्याला म्हणावं, चालतात म्हणूनच.

केबिनच्या आकाराचंही सांगतो. ‘एम्प्रेस’ ज्या काळातली त्या काळात केबिन फक्त झोपायला असायची. आतल्या बाजूच्या केबिन सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे तुमच्या जुन्या घरातल्या माजघरापेक्षा लहान. बाल्कन्या मोजक्याच. ‘ड्रीम’वर सत्तर टक्क्यांहून जास्त केबिनना बाल्कनी आहे. गुडघ्याच्या माणसाला बाल्कनी म्हणजे चैन नव्हे. वर डेकवर जाऊन खुर्ची पकडण्यापेक्षा स्वतःच्या खुर्चीत बसून समुद्र बघता येतो, पाय लांब करता येतात, चहा तिथंच येतो.

तुम्ही पाठवलेल्या ‘ड्रीम’च्या प्लॅनवर एजंटानं पेन्सिलीनं गोल केलेली केबिन मात्र घेऊ नका. तिच्या बरोबर वर पोहण्याच्या टाकीचा डेक आहे. पहाटे पाचला आमची माणसं तिथल्या खुर्च्या धुऊन ओळीनं लावतात. फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज खालच्या केबिनमध्ये कसा येतो ते मला विचारा. सात वर्षं मी त्या तक्रारी लिहून घेतल्यात. वरती केबिन, खालती केबिन, अशी मधली जागा निवडायची. थिएटरच्या वरची नको. शेजारच्या केबिनला जोडणारं दार असलेली नको, पलीकडचा खोकला ऐकू येतो. तुमच्या लेकीची आणि तुमची केबिन अशी जोडून मिळणार असेल तर मात्र तीच घ्या, मग पलीकडचा खोकला नातवाचा असेल.

यानंतर पडाव, म्हणजे बोटीपासून किनाऱ्यावर नेणारी होडी. आमच्या लहानपणी मुंबई-पणजी बोट विजयदुर्गला धक्क्याला लागायची नाही, बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून न्यायची-आणायची. १९७२-७३ असेल, आई मला घेऊन मुंबईला निघाली होती. पडाव बोटीच्या अंगाला घासून वरखाली होतोय, शिडीच्या पायरीवर खलाशी उभा. पडाव लाटेवर चढला की तांडेल ओरडायचा, “टाक पाय!” पडाव वर असतानाच पाय टाकायचा, खाली निघाला की थांबायचं. आईनं पाय टाकला आणि मागून मला कुणीतरी बोचक्यासारखं वर फेकलं. तिची एक चप्पल विजयदुर्गच्या खाडीत आहे अजून.

तुमच्या पत्रकात ‘टेंडर पोर्ट’ लिहिलंय ते हेच. आता पडाव बंदिस्त, इंजिनाचा, आणि दोन माणसं दोन्ही दंडांना धरतात. पण लाट तीच. पडाव वर असताना पाय टाकायचा हा नियमही तोच. आणि गुडघा वाकायला हवा, ठरल्या क्षणी.

लक्षद्वीपला मोठ्या बोटीला लागायला धक्का नाही. बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी राहते, तिथून लहान होडीनं बेटावर. समुद्र जरा उसळलेला असला तर कप्तान उतरवतच नाही. तो त्याचा अधिकार, तुमच्या तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात छापलेला असतो, आणि त्याचे पूर्ण पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. डिसेंबरात अरबी समुद्र बहुधा शांत असतो, त्यामुळे उतरायला मिळण्याची शक्यता चांगली. पण गुरुजींच्या गुडघ्याला ते जमेल का? मला वाटतं, नाही. ते वरून बघतील आणि बाकी पाच जण उतरून येतील. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेलं बेट अर्ध्या मैलावरून बघायचं आणि संध्याकाळी जावयाच्या मोबाइलवर त्याचे फोटो. मला हे पटत नाही.

फुकेतचंही तसंच. मोठ्या बोटी बहुतेकदा पातोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि पडावानं नेतात. पेनांगला मात्र बोट थेट धक्क्याला लागते, जॉर्जटाउन गावातच. शिडीवरून उतरलं की गाव सुरू. जुनं शहर, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत; धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर ‘लिटल इंडिया’ आहे, तिथं केळीच्या पानावर शाकाहारी भात मिळतो, मोगऱ्याचे गजरे मिळतात. वहिनी, पन्नाशीचा गजरा तिथला घ्या. पोर्ट क्लांगलाही धक्का आहे. पण तिथून क्वालालंपूर तासाभराहून जास्त, जाऊन-येऊन दिवस बसमध्ये जातो. माझं ऐका, त्या दिवशी उतरूच नका. सगळी बोट उतरून गेलेली असते. ज्या घसरगुंडीला आदल्या दिवशी पाऊण तास रांग होती तिथं नातू दहा वेळा जाऊन येतील. आम्ही बोटीवरची माणसं या दिवसाची वाट बघायचो. तुम्ही फुकटात बघा. फक्त धाकट्याची उंची आत्ताच दाराच्या चौकटीला मोजून ठेवा. घसरगुंडीला वय नव्हे, उंची लागते, आणि पाच वर्षांचं पोर फाटकावरून परत फिरलं की पुढचे दोन दिवस कुणाचेच नसतात.

एक विसरत होतो. डिसेंबरात सिंगापूरला पाऊस असतो, वर्षातला जोराचा. विजा कडाडल्या की घसरगुंड्या बंद. पेनांगकडे त्या सुमारास बरं असतं.

जेवणाची काळजी दोन्हींवर नको. ‘एम्प्रेस’वर तर आपलंच राज्य. ‘ड्रीम’वरही शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, बुकिंगच्या वेळी नोंदवायचं. फराळाचा डबा नेणार असाल तर अनारशांना खसखस लावू नका. मी गंमत करत नाही, खसखशीच्या बाबतीत सिंगापूर फार कडक आहे. चघळायच्या तंबाखूला तिथं बंदीच आहे. गुरुजींचं मला माहीत नाही, पण इस्लामपूर मला माहीत आहे.

कागदपत्रं : सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना ते बघा, कारण बोट परत आली की तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करता. त्यांचं ऑनलाइन आगमन-कार्डही परतताना पुन्हा भरायचं. मलेशियाचं वेगळं भरायचं. हे जावयाला द्या. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील, तो रिटर्न भरताना मिळतो, म्हणून पावती जपा. आणि विमा काढताना बोटीवरचा डॉक्टर त्यात धरलाय का ते विचारा. बोटीवरचा दवाखाना फुकट नसतो, आणि बिल डॉलरात येतं तेव्हा माणूस आणखी आजारी पडतो.

मग कोणती? सहा जणांसाठी ‘ड्रीम’, पोर्ट क्लांग-पेनांगची तारीख, फुकेतची नको, तुम्हा दोघांना व्हीलचेअरवाली केबिन आणि लेकीची त्याच मजल्यावर. लिफ्टच्या फार जवळ नको, फार लांबही नको; आठ-दहा दारं सोडून.

पण मला तुमच्या पत्रातली ती प्रवाळबेटांची ओळ सोडत नाही. लक्षद्वीपला जायला बोटच लागते असं कुणी सांगितलं? अगत्तीला विमानतळ आहे. कोचीहून लहान विमान दीडेक तासात नेतं आणि बेटावरच उतरवतं. मध्ये होडी नाही, पडाव नाही, कुणी ‘टाक पाय’ म्हणणार नाही. बेटावर जायला परवाना लागतो, तो आधी काढायचा. विमानात जागा थोड्या असतात, तिकीट लवकर घ्यायचं. आणि एक सांगू? प्रवाळाचं कडं बोटीवरून नीट दिसतच नाही. बोटीवरून दिसते ती पांढऱ्या फेसाची रेघ आणि मागं माड. गुरुजी फळ्यावर जी आकृती काढायचे, बाहेर गडद निळं, मग कडं, आत फिकट हिरवं पाणी, कडेला चिंचोळं बेट, ती विमानाच्या खिडकीतून दिसते. उतरताना विमान वळलं की थेट खाली. त्यांना खिडकी द्या, पंखाच्या पुढची किंवा मागची, मधली नको.

दोन्ही परवडत नसेल तर आधी अगत्ती, तुम्ही दोघंच. लेकीला मी सांगितलं म्हणून सांगा. घसरगुंड्या दोन वर्षांनी असतील. तेव्हा धाकट्याची उंचीही बसेल.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको भंडाऱ्याचे, मी समुद्र फक्त जुहूला पाहिलाय. मला एसटीसुद्धा लागते. नवऱ्याला सगळ्यांत वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची केबिन हवीय, दृश्य चांगलं दिसतं म्हणून. एजंट म्हणतो मोठी बोट घ्या, बोट लागणारच नाही. खरं का?
— अ. व., भंडारा

उत्तर : ताई, एजंटाचं निम्मं खरं, आणि नवऱ्याचंही. दृश्य चांगलं दिसतं हे खरं, पण ते बघायला तुम्ही उभ्या असायला हव्यात.

बागेतला सीसॉ आठवा. मधे बसलं तर कमी, टोकाला बसलं तर जास्त. बोटीचं पुढचं टोक लाटेवर चढतं आणि उतरतं, मागचं त्याच्या उलट, मध्यावर हालचाल सर्वांत कमी. तसंच उंचीचं, वर जितकं जावं तितका हेलकावा मोठा. म्हणून तुमची केबिन मध्यावर आणि खालच्या मजल्यांपैकी एकावर. खिडकीची मिळाली तर बरं, क्षितिज दिसत राहिलं की डोकं ताळ्यावर राहतं. गंमत म्हणजे ही केबिन नवऱ्यानं निवडलेल्या केबिनपेक्षा स्वस्त असते. फरकाचे पैसे त्याच्याकडून घ्या.

मोठी बोट कमी डोलते, हे खरं. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, कप्तान ते हवे तेव्हा बाहेर काढतो. त्यानं आडवं डोलणं पुष्कळ कमी होतं. पण पुढून येणाऱ्या लाटेवर बोटीचं नाक वरखाली होतं त्याला ते पंख काही करू शकत नाहीत. म्हणून बोटीच्या आकाराइतकाच समुद्र आणि महिना बघा. सिंगापूर ते पेनांग हा पट्टा मलाक्काच्या सामुद्रधुनीतला. पश्चिमेला सुमात्रा आडवं झोपलेलं असल्यामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत, पाणी बरेचदा आमच्या खाडीसारखं. मुंबईहून जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर कुणी स्वस्तात देतो म्हणालं तर कोणत्या समुद्रात, ते विचारा. त्या दिवसांत मुंबईची बोट गेली काही वर्षं पूर्व किनाऱ्यावर चेन्नईकडे हलवली जाते, ते उगीच नाही.

गोळी घ्यायची तर बोट सुटण्याआधी घ्यायची, डोलायला लागल्यावर नव्हे. कुठली ते आपल्या डॉक्टरला विचारा. बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर नक्कीच. पोट रिकामं ठेवू नका. एसटीत बसताना आपण काही न खाता बसतो, ती सवय इथं उलटते. कोरडी पोळी, खारी, बिस्किट चालेल. महाबळेश्वरचा आलेपाक पर्समध्ये ठेवा. बोटीवर आजारी पडलेल्यांना आम्ही हिरवं सफरचंद आणि खारं बिस्किट नेऊन द्यायचो, का ते मला कुणी कधी सांगितलं नाही, पण ताट रिकामं परत यायचं.

पहिल्या रात्री काहीही झालं तरी दुसऱ्या दिवशी बोट आवडली नाही असं ठरवू नका. मला स्वतःला पहिले चार दिवस बोट लागली होती. खलाशांच्या गावचा मी, कुणाला सांगायची सोय नव्हती. दुसऱ्यांच्या केबिन पुसत होतो आणि मधेच त्यांच्याच बाथरूममध्ये जाऊन, असो.

प्रश्न : एकाच बोटीवर खिडकी नसलेली केबिन आणि बाल्कनीवाली यांत बराच फरक पडतोय. खिडकी नसेल तर गुदमरायला होतं का? डेक प्लॅन पाठवतोय.
— रा. शि., चिपळूण

उत्तर : गुदमरत नाही, हवा खेळती असते. फक्त दिवस उजाडल्याचं कळत नाही. माणसं दुपारी साडेअकराला ‘गुड मॉर्निंग’ करत बाहेर येताना मी पाहिलीत. बहुतेक बोटींवर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं. आवाज बंद करून ते रात्रभर चालू ठेवा, उजाडलं की केबिनमध्ये आपोआप उजेड होतो. दोघंच असाल आणि झोपायलाच केबिनवर जाणार असाल तर पैसे वाचवा. तुमच्या केबिनचा नंबर मात्र मला वाचता आला नाही. डेक प्लॅनची घडी नेमकी त्याच्यावर पडलीय. पुन्हा पाठवा, गुंडाळून.